कोयती पुण्याला पाठवताना गेलेले अकरा दिवस

मुळशीत जमीन घेतलेल्या पुण्याच्या एका गृहस्थांना मी शिसवी मुठीची कोयती विकली. भाव ठरला, पैसे आले, वस्तू वेळेत तयार झाली. पण सिंधुदुर्गातून ती त्यांच्या हातात पडायला अकरा दिवस लागले. त्या कुरिअरच्या दुकानासमोरून जाताना अजून डोकं तापतं.

पातं आमच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलं होतं, मूठ माझी. घरातल्या मोडक्या झोपाळ्याचं शिसव होतं, चांगलं मुरलेलं. करंगळीपाशी मुठीला थोडा उंचवटा ठेवतो, म्हणजे घामेजल्या हातातून कोयती निसटत नाही. पात्याचं शेपूट तापवून भोकात बसवलं, राळ भरली, वर पितळी कडी. शेवटी उंडीच्या तेलाचे तीन हात.

हे सगळं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी तालुक्याला कुरिअरच्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या मुलाने कागद उलगडला आणि दोन पावलं मागे सरला. "काका, ह्या आमच्याकडसून जावचा नाय. हत्यार आसा ह्या." मी म्हटलं, अरे, तुझ्या घरी माडाच्या झावळ्या कशाने तोडता? तो हसला, पण कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवून दाखवला. यादीत 'शस्त्र' होतं, शेतीचं अवजार कुठेच नव्हतं. आजकाल पेपरात कोयता गँगच्या बातम्या सारख्या असतात, त्यामुळे वरून ताकीद आहे म्हणाला. ते मला समजतं. पण कमरेच्या आकडीत कोयती अडकवून माडावर चढणारा माणूस आणि ती गँग यात काही फरक आहे की नाही?

पोलिसांची एनओसी आणा, म्हणाला. त्यात चार दिवस गेले. ठाण्यातल्या हवालदारांनी कोयती हातात घेऊन मूठ निरखली आणि विचारलं, "विळ्या-कोयत्याला कोण एनओसी देतं हो?" कागद मिळाला नाही, पण एक माहिती मिळाली, जी मी पुढे स्वतः वाचून काढली. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात खरी, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. माझं पातं अकरा इंच, पोटाशी अडीच इंच रुंद. तरीही ते अवजारच ठरतं.

त्या नियमाची प्रत घेऊन मी पुन्हा गेलो. या वेळी आत बसलेले व्यवस्थापक बाहेर आले. प्रत न वाचताच हळू आवाजात म्हणाले, "कशाला त्रास घेता? 'लाकडी शोपीस' लिहा, जाऊ दे." शेजारीच सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे खोके बुकिंगला रचलेले होते, त्यात माझंही खपून गेलं असतं.

मी नाही म्हटलं. एक तर तपासणीच्या मशीनमध्ये पातं दिसलं की खोटं लिहिणारा मीच सापडणार. आणि दुसरं, जे मला जास्त लागलं: मी शोपीस बनवत नाही. चार दिवस ती मूठ कानसून, पुन्हा पुन्हा पंजात धरून बघतो, ती भिंतीवर टांगण्यासाठी नाही. तिचं नाव कोयती आहे आणि कागदावरही तेच यायला हवं. तेवढं बोलून मी पार्सल उचललं.

वाट शेवटी आंब्यांनी दाखवली. पेट्या ज्या लक्झरी बसने पुण्याला जातात, तिच्या बुकिंगवाल्याने बिल मागितलं, ते वाचलं आणि पाच मिनिटांत पावती फाडली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गृहस्थांनी कात्रजला पार्सल उतरवून घेतलं.

म्हणून सांगतो, बिल आधी करा. मी आता त्यावर 'शेतीचे हात-अवजार, कोयती' असं स्पष्ट लिहितो आणि ८२०१ हा जीएसटीसाठीचा वस्तूचा कोड (एचएसएन) टाकतो. त्यात कोयत्या, कुऱ्हाडी, विळे येतात आणि जीएसटी शून्य आहे. सुरी म्हणून लिहिलीत तर कोड बदलतो आणि कर लागतो. धार मी पाठवताना पूर्ण काढत नाही, गिऱ्हाईकाने आपल्या दगडावर काढावी. पात्याला खोबरेल, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, मग जाड पुठ्ठा. वर्तमानपत्रात नेण्याची चूक माझीच होती, उघडं पातं बघून कोणीही दचकेल.

अजून एक, मागे राहिलं होतं: सांबरशिंगाची मूठ मागणारे भेटतात. कितीही पैसे देऊ केले तरी नकार द्या, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही.

आणि लाकूड पुरतं वाळलेलं हवं. आमच्या दमट हवेत घट्ट बसलेली मूठ घाटावरच्या उन्हाळ्यात आकसते आणि पातं खुळखुळतं. मुळशीहून मे महिन्यात फोन आला तेव्हा मला तीच धास्ती होती. पण मूठ घट्ट होती. त्यांना गड्यासाठी दुसरी कोयती हवी होती, डावखुऱ्या हाताची.