टोकन तेच, मग किंमत वेगळी का?

तुम्ही विचारलंत: अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातलं, एकाच दुकानाचं नाव असलेलं टोकन एकाकडे स्वस्तात मिळतं, तर दुसरीकडे कितीतरी पट महाग. असं का?

1862 मध्ये लोकांनी नाणी दडवून ठेवली, अगदी सेंटसुद्धा. सुटे मिळेनात, म्हणून दुकानदारांनी सेंटच्याच मापाची, साधारण 19 मिमीची टोकनं, म्हणजे नाण्याऐवजी चालणारे धातूचे तुकडे, पाडून घेतली. 1864 च्या कायद्यांनी ती थांबली. कारागिराकडे मागच्या बाजूच्या तयार डाय (टोकन पाडायचे कोरलेले ठसे) असत. दुकानाची पुढची डाय आज एकीशी, उद्या दुसरीशी जोडली जाई. त्यामुळे किंमत ठरते ती दोन डायची जोडी आणि धातू यांवर. फुल्ड क्रमांकात, म्हणजे संग्राहक वापरतात त्या सूचीतल्या क्रमांकात, हेच असतं: राज्य, शहर (ओहायोतलं सिनसिनाटी म्हणजे 165), दुकानाचं अक्षर, जोडीचा आकडा आणि शेवटी धातूचं अक्षर. ‘ए’ तांबं, ‘बी’ पितळ, ‘डी’ तांबं-निकेल, ‘ई’ कथिलाचा पांढरा मिश्रधातू.

फसगत होते ती या शेवटच्या अक्षरात. तांब्याचीच बरीच टोकनं निघाली. पांढऱ्या धातूची बहुधा त्या काळच्या संग्राहकांसाठी, थोडीच. म्हणून कल्हई केलेलं किंवा चांदीचा मुलामा दिलेलं तांब्याचं टोकन ‘ई’ म्हणून खपवलं जातं. नुसत्या वजनावर जाऊ नका. या टोकनांना ठरलेलं वजन नव्हतंच.

0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. टोकन बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल, त्याने टोकनाच्या कोरड्या वजनाला भागा, म्हणजे घनता मिळते. 3 ग्रॅमच्या तांब्याच्या टोकनाला काट्यावरचा आकडा सुमारे 0.34 येतो, कथिलाच्या टोकनाला 0.41. टोकनाला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि तांबंही कथिलाकडे झुकलेलं दिसतं. टोकन हलवून पुन्हा मोजा.

तांबं आणि पितळ मात्र या रीतीने वेगळे करता येत नाहीत. फरक जेमतेम 0.02 चा, तो काट्याच्या चुकीतच बुडतो. तांबं-निकेलची घनता तर तांब्याइतकीच. तिथे भिंगाखाली झिजलेले उंचवटे आणि काठ बघा. खाली लालसर दिसलं तर वर मुलामा आहे.

आणि रंग नीट दिसावा म्हणून घासू मात्र नका. चिंच, लिंबू, पितांबरी यांनी मूळ पृष्ठभाग जातो तो कायमचा. तेलकटपणा काढायचा असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवा, खिडकी उघडी ठेवून, आगीपासून लांब. ठेवायला मायलरची (पॉलिएस्टर प्लास्टिकची) पाकिटं घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो.