तात्यांची गाडी आणि आजीचे लुगडे

सोलापुरावर फौज चालून येऊन प्रत्यक्ष लढाई झाली ती १८१८ च्या मे महिन्यात, जनरल मन्रोच्या सैन्याने पेशव्यांच्या शिबंदीचा पाडाव करून भुईकोट किल्ला घेतला तेव्हा. त्यानंतर या शहराने १९३० चा मार्शल लॉ सोसला आणि पुढच्या जानेवारीत चार हुतात्मे दिले. परंतु १८१८ नंतर खंदक, तोफा आणि बॉम्ब असे युद्ध येथे कधी आले नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारखी घराघरातून शिपाई देणारी परंपराही आमच्याकडे फारशी नाही. त्यामुळे युद्ध हा आपला विषय नव्हे, अशी समजूत आमच्याकडे सर्रास आढळते. मला ती पटत नाही. सरहद्दीपासून शेकडो मैल दूर असलेल्या गावातही युद्ध पोहोचते. सुताच्या भावातून, रेशनच्या दुकानातून आणि टपालातून ते पोहोचते, आणि सीमेवरच्या सामान्य शिपायालाही ते बहुतेक वेळ याच रूपात, म्हणजे पीठ, पाणी आणि पत्र या रूपात, भेटत असते. आमच्या घरातल्या दोन माणसांकडून मी जे ऐकले, ते याच स्वरूपाचे होते.

सोलापूरच्या बाबतीत तर हे पहिल्या महायुद्धापासून दाखवता येते. त्या काळी हिंदुस्थानात कापडासाठी वापरले जाणारे कृत्रिम रंग प्रामुख्याने जर्मनीतून येत असत. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि ती आयात बंद पडली. रंगांचे भाव भडकले, आणि ज्यांचे पोट रंगीत लुगड्यांवर चालत होते त्या विणकरांना, जर्मनीचा बादशहा कैसर कोण आणि त्याचे भांडण कशाचे हे ठाऊक नसतानाही, युद्धाची झळ लागली. युद्ध संपता संपता आलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. १९१८ च्या उन्हाळ्यात ती मुंबई बंदरातून देशात पसरली आणि तिने देशभरात एक कोटीहून अधिक माणसे नेली. लढाईत पडलेल्या हिंदी शिपायांची संख्या याच्यापुढे फारच लहान आहे.

त्याच युद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत ब्रिटिश-हिंदी सैन्य तुर्कांच्या वेढ्यात अडकले होते. त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. या वेढ्याची जी वर्णने उपलब्ध आहेत, त्यांत गोळीबारापेक्षा शिधा अधिक जागा व्यापतो. धान्य संपत आल्यावर घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात आले. अनेक हिंदी शिपायांनी धर्म आणि जात यांच्या भीतीने ते अखेरच्या आठवड्यांपर्यंत नाकारले आणि त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही हा जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग बळावला. गावी परतल्यावर लोक आपल्याला पंगतीत बसू देतील का, ही त्यांची चिंता होती. वेढ्यात सापडलेला, उपाशी माणूस गावच्या पंगतीचा विचार करतो, हे वाचून काही जणांना हसू येईल. मला मात्र त्या शिपायाचे मन याहून अधिक कशानेही कळले नसते.

दुसऱ्या महायुद्धाची हकिकत आजीची. आजोबा येथल्याच एका कापड गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, साच्यावर होते. युद्धकाळात गिरण्यांना काम भरपूर होते, लष्कराला कापड लागत होते, भोंगे वेळी-अवेळी वाजत आणि पाळ्या वाढल्या होत्या. पगाराला महागाई भत्ता जोडून मिळू लागला तोही याच काळात. कागदावर पाहिले तर गिरणगावाचे दिवस बरे होते. प्रत्यक्षात कापडाच्या शहरातच कापड मिळत नव्हते. १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणले आणि गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचे जाडेभरडे कापड ठरलेल्या भावात देण्याची व्यवस्था केली. तरी दुकानापुढच्या रांगेत नंबर लागेपर्यंत ते संपलेले असे आणि मागच्या दाराने दुप्पट-तिप्पट भावात मिळत असे. शहराच्या पूर्व भागातल्या हातमाग विणकरांची अवस्था याहून वाईट होती, कारण त्यांना सूतच मिळेना, आणि सुताशिवाय माग म्हणजे घरातली अडगळ.

आजी या काळाविषयी बोलू लागली की प्रथम दंडाच्या लुगड्याची गोष्ट निघे. नऊवारी लुगडे बसण्या-उठण्याच्या जागी आधी विरते. तो विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन चांगले तुकडे मध्ये शिवण घालून जोडायचे, याला दंड घालणे म्हणत. शांततेच्या काळातही गरिबाघरी हे होत असे. पण युद्धाच्या अखेरच्या दोन वर्षांत आजीने दोन वेगळ्या रंगांची, वेगळ्या काठांची लुगडी एकमेकांना जोडली होती. ती शिवण दिसू नये म्हणून निऱ्यांत नेमकी कुठे दडवायची, पुढच्या बाजूला कोणता काठ ठेवायचा आणि लग्नकार्यात पदर कोणत्या तुकड्याचा घ्यायचा, हे ती म्हातारपणीही हाताने घड्या करून दाखवीत असे. ‘नवरा दिवसभर कापड विणतो आणि बायको ठिगळं जोडते,’ असे शेजारणी एकमेकींना म्हणत. त्यात तक्रार किती आणि थट्टा किती, ते आजीला सांगता येत नव्हते.

सुट्या नाण्यांची टंचाई हीही तिची आवडती आठवण. तांबे वाचवण्यासाठी सरकारने १९४३ मध्ये मध्यभागी भोक असलेला पैसा काढला. आजी असे पैसे दोऱ्यात ओवून ठेवी, म्हणजे मुलांच्या हाती लागले तरी एक-एक करून नाहीसे होत नसत. रुपयातली चांदी तर १९४० मध्येच अर्ध्यावर आणली गेली होती. जुना रुपया आणि नवा रुपया ती फरशीवर आपटून आवाजावरून ओळखत असे. घासलेटाचा कोटा, काजळलेली चिमणी, अंधार पडण्याआधी उरकायचा स्वयंपाक, हे सारे त्या पिढीच्या कोणाकडेही ऐकायला मिळते, म्हणून येथे विस्तार करत नाही.

याच वर्षांत सोलापूरचा एक माणूस दुसऱ्याच एका युद्धात, चीन-जपान युद्धात, होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथे असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली, तरी ते परतले नाहीत, आणि डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तेथेच वारले. भैय्या चौकातले त्यांचे स्मारक आम्ही शाळेच्या सहलीत पाहिले आहे. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मनात येते ते एवढेच की, आजी रांगेत उभी होती त्याच सुमारास याच गावातली आणखी एक बाई हजारो मैलांवरच्या मुलाच्या पत्राची वाट पाहत होती, आणि या दोघींची हकिकत एका धड्यात कधी येत नाही.

आता तात्यांविषयी. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. ते सैन्यात होते, पण बंदूक घेऊन चाल करणाऱ्यांत नव्हते. ते आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे सैन्याला रसद पुरवणाऱ्या दलात, ड्रायव्हर होते आणि जबलपूरला बनणारी ‘शक्तिमान’ ही तीन टनी गाडी चालवत. १९७१ ची दिवाळी घरी करायची म्हणून त्यांची रजा मंजूर झाली होती, ती रद्द झाली. घरी पत्र आले ते नेहमीच्या मायन्याचे: तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी. पत्त्यात नाव, नंबर, कंपनी आणि ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ हा लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक एवढेच, म्हणजे माणूस काश्मिरात आहे की कच्छमध्ये, हे कळायला मार्ग नाही. पत्रे तपासली जात, त्यामुळे ठिकाण लिहायची सोय नव्हती. पण एका पत्रात ‘जेवणात कचकच येते’ असे एक वाक्य होते. आजोबांनी ते पुन्हा पुन्हा वाचून निष्कर्ष काढला की पोरगा राजस्थानात आहे. तो बरोबर निघाला. तात्या बाडमेरच्या बाजूला होते.

घरून त्यांना पार्सल गेले त्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती. सोलापूरची कडक भाकरी महिना-महिना टिकते, त्यामुळे लष्करी टपालाच्या वेगाला ती पुरून उरली. त्या नोव्हेंबरच्या मध्यापासून बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी साध्या टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. काकू ते तिकीट लावताना दर वेळी कुरकुरत आणि दर वेळी लावत. बाडमेरच्या वाळूत असलेल्या नवऱ्याला युद्ध जेवढे कळत होते, तेवढेच काकूंना त्या तिकिटावरून कळत होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी हल्ले केले आणि युद्ध सुरू झाले. बाडमेरकडून आपले सैन्य सिंधच्या वाळवंटात शिरले आणि नया छोरच्या दिशेने बरेच आत गेले. नकाशावर ही चाल फार वेगवान दिसते. ती चालवणाऱ्या गाड्यांचे काय होत होते, ते तात्या सांगत. रात्री पुढचे दिवे लावायचे नाहीत. लष्करी गाडीच्या मागच्या आसावरचे डिफरन्शियल, म्हणजे दातेचाकांचा गोल डबा, पांढऱ्या रंगाने रंगवलेले असते आणि त्याच्यावर खाली तोंड केलेला एक लहानसा दिवा असतो. वरच्या विमानाला तो दिसत नाही, मागच्या ड्रायव्हरला मात्र तो पांढरा गोळा दिसतो. रात्रभर त्या गोळ्याकडे पाहत, तो वळला की वळायचे आणि थांबला की थांबायचे. धुरळा उडाला की गोळा नाहीसा होई. वाळू आली की उतरून चाकांतली हवा कमी करायची, तरीही चाक रुतले तर लोखंडी पट्ट्या खाली टाकायच्या, गाडी पुढे काढायची, तापलेल्या पट्ट्या मागून उचलून आणायच्या, आणि पक्की जमीन लागली की पुन्हा हवा भरायची. गाडीत बहुतेक वेळा पाण्याची पिंपे असत. पाणी पुढे पोहोचले नाही तर पुढची पलटण थांबते, इतका सरळ हिशेब होता. सरहद्दीअलीकडचे मुनाबाव आणि पलीकडचे खोखरापार यांमधला लोहमार्ग जोडण्याची घाई झाली तीही याच कारणाने, आणि त्या मार्गावरच्या गाड्यांवर विमानांनी हल्ले केले तेही याच कारणाने.

‘तात्या, भीती नाही वाटली?’ असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, ‘झोप येण्याची वाटायची. विमान रोज येत नव्हतं, झोप रोज यायची.’

ताब्यात आलेल्या गावांविषयी ते कमी बोलत. बरीचशी गावे रिकामी होती. माणसे निघून गेलेली, आणि एका घरात जात्याभोवती अर्धवट दळलेले पीठ तसेच पडलेले. तात्यांच्या बरोबरचा एक जण ते पीठ भरून घ्यायला निघाला, तेव्हा दुसऱ्याने त्याला अडवले; दोघांची त्यावरून बाचाबाची झाली आणि शेवटी पीठ तेथेच राहिले. त्या भागातली हजारो हिंदू कुटुंबे उलट दिशेने, शेळ्या आणि गोधड्या घेऊन, बाडमेरकडे चालत येत होती. मुसलमान कुटुंबे आत सिंधकडे गेली होती. दोन्हीकडच्या माणसांच्या डोक्यावरची गाठोडी सारखीच दिसत होती, असे ते म्हणत.

पश्चिमेकडे १७ डिसेंबरला रात्री ८ वाजता गोळीबार थांबला. घरी पेढे वाटले गेले आणि तात्या लवकरच येतील असे सगळ्यांनी धरून चालले. परंतु जिंकलेला प्रदेश सिमला कराराप्रमाणे परत करून सैन्य मागे येईपर्यंत १९७२ चा डिसेंबर उजाडला. चौदा दिवसांच्या लढाईनंतर वर्षभर वाळूत मुक्काम, सुरुंगांची भीती आणि तीच पत्रे.

आणि याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला. सोलापूर जिल्ह्याला त्याचा फटका किती बसला, ते येथे कोणाला सांगायला नको. गावाकडची शेती ओस पडली, काकू आणि आजी खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागल्या, रेशनवर लाल मिलो ही परदेशी ज्वारी मिळत होती, आणि कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटला जात होता. तात्यांना शत्रूच्या मुलखात सरकारी पीठ, डाळ आणि साखर वेळेवर मिळत होती. त्यांच्या मनीऑर्डरीची वाट पाहत त्यांचे घर मिलोच्या भाकरी थापत होते. काकूंनी पत्रात दुष्काळाचा शब्द लिहिला नाही. इकडील सर्व खुशाल, हाच मायना आता या बाजूने जाऊ लागला. सेन्सॉर फक्त लष्करातच असतो असे नाही. तात्यांना खरी परिस्थिती कळली ती रजेवर आल्यावर, काकूंच्या हातांवरचे घट्टे पाहिल्यावर. आणि मग रजेतले बरेचसे दिवस त्यांनीही त्याच कामावर, मुकादमाच्या हजेरीपटावर नाव लावून, खडी फोडण्यात काढले.

निवृत्तीनंतर ते एस.टी.त ड्रायव्हर झाले. पश्चिमी स्टार हे पदक त्यांना मिळाले होते, ते काकूंच्या ट्रंकेत असे. एका वर्षी विजय दिनाला जवळच्या एका शाळेने त्यांना भाषणासाठी बोलावले. मुलांनी विचारले की तुम्ही किती शत्रू मारले. तात्यांनी एकही नाही असे सांगितले आणि वाळूत चाकांतली हवा किती कमी करायची, रिकाम्या गाडीची किती आणि भरलेल्या गाडीची किती, हे नीट समजावून द्यायला सुरुवात केली. मागच्या बाकांवरची मुले पुढे येऊन बसली; व्यासपीठावरच्या मंडळींना मात्र चुळबुळ होऊ लागली आणि आभारप्रदर्शन जरा लवकर उरकण्यात आले. पुढच्या वर्षी शाळेने दुसऱ्या वक्त्याला बोलावले. तात्यांना त्याचे काही वाटले नाही. त्या दिवशी त्यांची अक्कलकोटची फेरी होती.