मामा तलावातल्या माशांसाठी फ्लाय निवडताना: माझा अनुभव

हिमाचलात नोकरी करून परत आलेल्या चुलतभावाने मला त्याचा नऊ फुटी फ्लाय रॉड दिला. पाच नंबरच्या, म्हणजे मध्यम वजनाच्या लाइनीचा. सोबत फ्लायची, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली किड्यांची डबीही होती, पण तिच्यातल्या जवळजवळ सगळ्या फ्लाय तिकडच्या तीर्थन नदीच्या थंड, खळाळत्या पाण्यातल्या ट्राउटसाठी बांधलेल्या. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात ट्राउट नाही. इथे चुलबंद नदी आहे, मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत, धानाच्या बांध्यांना लागून बोड्या (लहान तळी) आहेत आणि त्यांत चिलापी (तिलापिया), रोहू, मृगळ, कतला, मरळ. या माशांना फ्लाय लावून कसं धरायचं हे सांगणारं जवळपास कोणी नव्हतं, म्हणून मी काय केलं ते सविस्तर लिहितो.

वाचताना कळलं की ब्रिटनमध्ये सॅमन आणि ट्राउट वगळून गोड्या पाण्यातल्या बाकी माशांना कोर्स फिश म्हणतात आणि फ्लायवर ते धरणारे तिथे बरेच जण आहेत. त्यांचे रोच, रड, चब हे मासे आपल्या रोहूच्याच गोतावळ्यातले. या गोतावळ्यातल्या माशांना जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. घास ओठांनी आत ओढायचा, चाचपायचा आणि नको वाटला तर लगेच बाहेर टाकायचा ही त्यांची रीत. म्हणून त्यांच्यासाठी फ्लाय लहान हवी, अंगाने मऊ हवी आणि गळ अणकुचीदार हवा. माझी निवड इथून सुरू झाली.

त्याआधी परवानगी. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले, आणि आता मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो. कोणाच्या पोटापाण्याच्या तलावावर न विचारता रॉड घेऊन उभं राहणं मला पटत नाही. संस्थेच्या सभासदांनी सरळ सांगितलं, चिलापी वाटेल तेवढी काढा, बीज सोडलेले रोहू-कतला लागले तर परत सोडा. त्यामुळे मी सगळ्या गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकले. मासा फारशी जखम न होता सुटतो आणि गळ बोटात गेला तरी सहज निघतो. (नवेगाव-नागझिऱ्याच्या राखीव हद्दीत मात्र रॉड न्यायचाच नाही.)

संस्थेतल्या एका म्हाताऱ्या काकांना मी डबी दाखवली. त्यांनी एकेक फ्लाय उचलून पाहिली, परत ठेवली आणि म्हणाले, "सर, हे डबी ठेवा बाजूले. अगुदर मासोरीचं तोंड पाहा. तोंड वरतं, त खाना वरतं. तोंड खालतं, त खाना चिखलात."

जाळं ओढायच्या दिवशी मी काठावर बसून तेच पाहत होतो. कतल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड आभाळाकडे. मृगळचं तोंड खाली वळलेलं. रोहूचंही किंचित खालीच, आणि ओठाला झालर. चिलापीचं तोंड अगदी समोर. काठाशी फिरणाऱ्या चंदेरी चपट्या मासोळीचं तोंड पुन्हा वर. कुठल्याही पुस्तकातल्या फ्लायच्या चित्रांपेक्षा हा ताज्या माशांचा ढीग मला जास्त शिकवून गेला. कोणती फ्लाय पाण्याच्या कोणत्या थरात हवी हे त्या एका सकाळी ठरलं. कतल्याचा नाद तिथेच सोडला. तो कल्ल्यांच्या चाळणीतून पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्याला फ्लाय दाखवण्यात वेळ घालवणं मला योग्य वाटलं नाही.

मग तळाचा शोध घेतला. गुडघाभर पाण्यातला चिखल ओंजळीने काढून पांढऱ्या ताटलीत पसरला, वर थोडं पाणी ओतलं. चिखल बसल्यावर त्यात लालभडक, दोऱ्यासारख्या बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. या डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि कमी प्राणवायूच्या चिखलातही तग धरतात. चिलापी त्या आवडीने खाते, म्हणून पहिली फ्लाय लालच बांधायची ठरवली.

चौदा नंबरचा गळ (नंबर वाढला की गळ लहान), लाल रेशमी दोरा आणि तांब्याची बारीक तार. तार मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळाली. कृषिपंपाच्या जळालेल्या मोटारीतून निघालेली तार तिथे ढिगाने पडलेली असते, त्यातली सर्वांत बारीक निवडून घेतली. तारेची कल्पना माझी नाही. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी आपली फेझंट टेल निम्फ (निम्फ म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिलासारखी, बुडणारी फ्लाय) नुसत्या तारेने आणि पिसांनी बांधली, दोरा वापरलाच नाही. तार वजन देते आणि बांधणीही धरते. मी डोक्याजवळ तारेचे वेढे घट्ट घेतले, अंगावर दोरा गुंडाळून त्यावर विरळ वेढे दिले, आणि डोक्यापाशी गावरान कोंबड्याच्या मानेचं मऊ पीस एकदाच फिरवलं. हे पीस पाण्यात नुसतं हलतं, तेवढं पुरतं.

चिलापीच्या चाव्याला झटका नसतो. फ्लाय टाकायची, बुडू द्यायची, मग डाव्या हाताने लाइन बोटभर बोटभर ओढायची. लाइनीचं पाण्यावरचं टोक जरा अडलं किंवा बाजूला सरकलं की रॉड उचलायचा. १९५२ साली बाहेरून भारतात आणलेला हा मासा आज तलावात इतका माजला आहे की शिकायला त्याच्याइतका चांगला मासा मला सुचत नाही. लाल फ्लाय लागू पडल्यावर मी डबीतल्या बाकी निम्फकडे फारसं पाहिलं नाही.

नदीचं गणित वेगळं निघालं. चुलबंदच्या काठी उंबराखाली पिकलेली फळं पाण्यात डुबुक करून पडतात आणि मासे त्या आवाजावर येतात. इंग्लंडचा चबही असाच झाडाखाली उभा राहतो, फळ पडो की भुंगेरा. तिथले लोक त्याच्यासाठी फोमचा भुंगेरा बांधतात. मी जुन्या स्लीपरचा फोम कातरून दहा नंबरच्या गळावर बांधला, तपकिरी-लाल रंग दिला. इथे फ्लाय अलगद टाकायची नाही, फळ पडल्यासारखी आपटायची. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी उधईची पाखरं उडतात, तेव्हा हाच फोम लहान करून दोन कोंबडी-पिसांचे पंख लावले की काठाच्या मासोळ्या वेड्यासारख्या उड्या मारतात.

मरळला हे सगळं बारीकसारीक चालत नाही. ती बेडूक खाणारी, कमळाच्या पानांत दबा धरणारी. तिच्यासाठी चार नंबरचा गळ, फोमचं डोकं, बोकडाच्या काळ्या केसांची शेपटी आणि गळासमोर जाड नायलॉनचा फासा, म्हणजे पानात अडकत नाही. याहून मोठी फ्लाय पाच नंबरच्या लाइनीने फेकता येत नाही, उगाच मनगट दुखतं. आणि पाण्यावर लालसर पिलांचा थवा दिसला तर मी तिथे फ्लाय टाकत नाही. खाली आई-बाप राखणीला असतात, त्यातलं एक जरी उचललं तरी पिलं उघडी पडतात.

राहिला मृगळ. लाल फ्लाय त्याने ओठात धरून सोडल्याचं लाइनीवर जाणवतं, पण रॉड उचलेपर्यंत उशीर होतो. काका म्हणतात, आणखी खालतं न्या. म्हणून सध्या त्याच फ्लायवर तारेचे वेढे वाढवून, सोळा नंबरच्या गळावर, ती तळाला टेकवून तशीच पडू देतो आहे. धानकापणी आटोपली, पाणी निवळलं की पुन्हा त्याच्याच मागे लागणार.