खापरपणजोबांच्या शोधात तीन दिवस: आधी नाशिक, मग तहसील

पाच पिढ्यांची नावे हल्ली घरबसल्या मिळतात, असे दोन जाणत्या नातलगांनी मला छातीठोकपणे सांगितले होते. संकेतस्थळावर आमच्या गावाची जी स्कॅन केलेली पाने सापडली, ती सर्व १९३० नंतरची होती आणि त्यातील माणसे माझ्या आजोबांना तोंडपाठ होती. तेव्हा रजा काढून पुणे जिल्ह्यातील मूळ तालुक्याला जाणे भाग पडले, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ ही जन्म-मृत्यूची नोंदवही, पाहण्यासाठी अर्ज करावा लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तिथे येणारा प्रत्येक जण जातीच्या दाखल्यासाठीच आला आहे, असे गृहीत धरले जाते. मला फक्त नावे हवी आहेत, असे म्हटल्यावर समोरच्या लिपिकाने लेखणी खाली ठेवली आणि दुपारनंतर येण्यास सांगितले. दुपारनंतर नकला मिळाल्या, पण त्यातील जुनी नऊ पाने मोडी लिपीत होती.

फाटकाबाहेर मोडी वाचून देणारे एक गृहस्थ बसतात. त्यांनी पानाला ५०० रुपये सांगितले, आणि बोरूची अक्षरे पुसट असल्याच्या नावाखाली वर आणखी ६०० घेतले. एकूण ५,१०० रुपये. एवढे देऊन हाती आलेल्या लिप्यंतरात, त्याच नकलांतील जमिनीच्या एका कागदावरील १३०५ या वर्षामागे त्यांनी स्वतःच्या मनाने ‘शके’ लावले होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे १३८३ साल झाले, आणि तेवढ्यात आमचे घराणे बहमनी काळात पोहोचले! तो आकडा फसली सनाचा, म्हणजे महसुली वर्षाचा, होता; त्यात ५९० मिळवल्यावर १८९५ येते. शक, फसली आणि सुहूर (मराठेशाहीच्या कागदांत येणारा अरबी सन) या तीन सनांतील फरक ज्याला सांगता येत नाही, त्याला एक रुपयाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सन माझ्या लक्षात तरी आला, नाव आले नाही. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अशा नोंदींत आडनाव तर बहुधा नसते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढ्यावर भागते. ‘गणू बिन राघू बिन तुका’ या ओळीतील राघू या गृहस्थांनी गाळला आणि ‘गणू बिन तुका’ असे लिहून दिले. एक पिढी नाहीशी झाली, आणि मी ती चुकीची साखळी त्याच रात्री सर्व नातलगांना पाठवून मोकळा झालो.

दुसरा, नाशिकचा दिवस सुखाचा गेला, त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रामकुंडावर आडनाव सांगून थांबू नये, मूळ गाव सांगावे. त्या गावाचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यजमान घराण्यांच्या नावांच्या वह्या (नामावळी) ठेवणारे पुरोहित, कोण, हे तिथे कोणीही दाखवून देते. आमच्या उपाध्यायांच्या नामावळीत १९११ साली अस्थी घेऊन आलेल्या माणसाने आपले, भावांचे, बापाचे, आजाचे आणि पणजाचे नाव लिहवून खाली सही केली होती. आजाचे नाव राघू, पणजाचे तुका. दक्षिणा ज्याची त्याने ठरवावी. मी दिलेली रक्कम फाटकावरच्या बिलाच्या दहाव्या भागाइतकीही नव्हती.

म्हणून आधी नाशिकला जावे, नावांचा क्रम हातात घ्यावा आणि मगच तहसीलला जाऊन तीच नावे मोडीत शोधावीत. माहीत असलेले नाव नवख्यालाही चार-सहा तासांत ओळखू येते. पुण्यातील पेशवे दफ्तराच्या वाटेला, घराण्यात वतन किंवा इनाम नसेल, तर जाऊच नये. तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सरकारी कारभाराचे आहेत, साध्या रयतेचे नाव त्यात सापडणे निव्वळ नशीब.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा तहसीलला गेलो आणि भिंग लावून तीच नऊ पाने स्वतः चाळली. सातव्या पानावर मृत्यूच्या रकान्यात ‘भागी कोम गणू’ होते. ‘कोम’ म्हणजे बायको. ही ओळ त्या गृहस्थांनी निरुपयोगी समजून सोडून दिली होती, आणि आमच्या घरात खापरपणजीचे नाव आजवर कोणालाही माहीत नव्हते.