चीची

"आमच्या वडिलांना दिसायचे ते. मला मात्र एकदाही नाही."

आज संध्याकाळी वुहानमध्ये, वुचांगहून हानकौला जाणाऱ्या फेरीबोटीत शेजारच्या काकू बोलल्या. मोबाईलवर कोड दाखवून तिकीट झालं, कठड्याशी उभे राहिलो. खाली यांगत्सेचं गढूळ, दुधाच्या चहासारखं पाणी. मी सहज विचारलं होतं, इथे डॉल्फिन दिसतात का?

त्या सांगत होत्या बाइजीबद्दल. याच नदीतला, लांब चोचीचा, फिकट रंगाचा डॉल्फिन. १९८० साली गळांनी जखमी झालेला एक नर वुहानच्या संशोधन संस्थेत आणला. नाव ठेवलं चीची. जखमा भरल्या, आणि तो २००२ पर्यंत जगला. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी सहा आठवडे नदी पालथी घातली. एकही बाइजी सापडला नाही.

जाळी, गळ, बोटींची वर्दळ, धरणं. कारणं माहीत होती हो सगळ्यांना.

मला राहून राहून आठवतोय तो चीचीच. बाइजीची नजर अधू, सगळी भिस्त आवाजावर. आणि टाकीतली त्याची बरीचशी वर्षं एकट्याची.

धक्का जवळ आला तरी काकू पाण्याकडेच बघत होत्या.

एवढी वर्षं तो शीळ घालून कुणाच्या उत्तराची वाट बघत असेल?