किंग जॅमी आणि छोटा कॅसिओ

संगणकी रेगेचा, म्हणजे जमैकाच्या रेगे संगीतातल्या वादकांऐवजी यंत्रावर वाजणाऱ्या प्रकाराचा, विषय निघाला की मी आधी लॉइड जेम्सचं नाव घेते. जमैकातल्या किंग्स्टनमधल्या वॉटरहाऊस वस्तीत तो अॅम्प्लिफायर बनवायचा, बिघडलेली उपकरणं दुरुस्त करायचा. पुढे किंग टबी या नावाजलेल्या ध्वनितंत्रज्ञाच्या हाताखाली ध्वनिमिश्रण शिकला आणि किंग जॅमी झाला.

१९८४ च्या अखेरीस गायक वेन स्मिथ त्याच्याकडे कॅसिओ एमटी-४० हा छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन आला. त्यात 'रॉक' नावाचा तयार ताल होता. तो बसवला होता जपानच्या ओकुदा हिरोको या तरुणीने, आणि ती स्वतः रेगेची वेडी! जॅमीने तो ताल संथ केला, त्यावर पियानो चढवला, आणि 'अंडर मी स्लेंग टेंग' तयार झालं.

हेडफोन लावून ऐका. खालचा बेस तोच तोच फिरत राहतो, जराही दमत नाही, आणि वर वेनचा कोवळा, थोडा खोडकर आवाज. बेसवादक नाही, ड्रमवालाही नाही. तरी अंग डोलतंच.

जॅमीने हाच ताल लगेच इतरांनाही गायला दिला. गायक टेनर सॉचं 'पंपकिन बेली' त्यावरचंच, आणि मला तर ते मूळ गाण्याहूनही जास्त आवडतं. पुढे शेकडो गाणी झाली. स्टुडिओतल्या वादकांची कामं मात्र कमी होत गेली, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण वाद्यवृंदाचा खर्च न परवडणाऱ्या पोरांना त्याच यंत्राने दार उघडून दिलं.