हांगझोऊचं शीहू सरोवर : दहा दृश्यं, दोन रात्री, आणि जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या शांघायला आहोत. सासूबाई आणि बाबा पुण्याहून आले होते, त्यांना घेऊन मार्चच्या शेवटी हांगझोऊला दोन रात्री राहून आलो. त्याआधी आम्ही दोघं ऑक्टोबरच्या सुट्टीत एका दिवसात जाऊन आलो होतो आणि तेव्हा सरोवर कमी आणि माणसंच जास्त दिसली, त्यामुळे पहिलीच गोष्ट सांगते, १ मेची सुट्टी आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळाच, जमलं तर शनिवार-रविवारही नको.

शीहू म्हणजे पश्चिमेचं तळं. साधारण साडेसहा चौरस किलोमीटर पाणी, तीन बाजूंनी टेकड्या आणि चौथ्या बाजूला शहर. बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण सोंग राजांची राजधानी इथे होती, त्या काळात चित्रकारांनी सरोवराच्या दहा दृश्यांना चार-चार अक्षरांची नावं दिली, तीच आजही चालतात. पुढे १६९९ साली कांगशी बादशहा आला, त्याने ही नावं स्वतः लिहिली आणि ती दगडांवर कोरून ठिकठिकाणी उभी केली. आता गंमत अशी की लोक त्या दहा दगडांसमोर दहा फोटो काढून निघून जातात. पण नावं नीट वाचली तर कळतं की ही नुसती ठिकाणं नाहीतच, बहुतेक नावांत वेळ किंवा ऋतू आहे. सू बांधावरची वसंतातली पहाट, लेइफंग पॅगोड्यावरचं मावळतीचं ऊन, शांत तळ्यावरचा शरदातला चंद्र, तुटक्या पुलावरचं उरलेलं बर्फ. दहाही एका दिवसात बघणं शक्यच नाही, बर्फ आणि कमळं एकदम कशी मिळणार? त्यामुळे आपण कुठल्या महिन्यात जातोय ते बघून तीन-चार निवडा आणि त्या त्या वेळेलाच तिथे जा, माझा सगळा सल्ला एवढाच आहे.

आम्ही मार्चमध्ये होतो म्हणून पहाट सू बांधावर. सहाच्या आधी उठून गेलो, सासूबाई थंडीमुळे जरा नाखूश होत्या पण तिथे पोचल्यावर एकदम गप्प झाल्या. २.८ किलोमीटर लांब बांध, दोन्हीकडे पाणी, मध्ये सहा कमानी पूल, आणि एक विलो एक पीच अशी झाडं, पीचला गुलाबी फुलं, धुक्यात समोरच्या टेकड्या नुसत्या रेघांसारख्या दिसतात. हा बांध कवी सू दोंगफो इथला अधिकारी असताना १०९० च्या सुमारास झाला, सरोवर पाणवनस्पतींनी आणि गाळाने भरत चाललं होतं, त्याने तो उपसून काढला आणि त्याच गाळाचा बांध घातला. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना कवी असलेला अधिकारी गाळ काढतो याचं इतकं कौतुक की पुढचे दोन दिवस तोच विषय. पूर्ण बांध चालायला आरामात तासभर लागतो, गुडघ्यांचा त्रास असेल तर बॅटरीच्या गाड्या मिळतात. बांधाच्या दक्षिण टोकाला माशांची बाग आहे, तिथल्या दगडावर कांगशीने 'मासा' हे अक्षर लिहिताना खाली चारऐवजी तीनच ठिपके दिलेत. चार ठिपके म्हणजे आग, तीन म्हणजे पाणी, माशाला आगीत कशाला ठेवायचं, असं तिथे सांगतात.

तिथूनच होडी घेऊन सरोवरातल्या बेटावर जाता येतं. होडी आणि बेट मिळून आम्ही माणशी ५५ युआन दिले. बेटाच्या दक्षिणेला पाण्यात तीन छोटे दगडी पॅगोडे आहेत, १ युआनच्या नोटेमागे आहेत तेच, खिशात नोट असेल तर काढून समोर धरा, बाबांनी धरली होती. प्रत्येकाला पाच गोल भोकं. त्यांच्या मध्य-शरद सणाच्या पौर्णिमेला आत दिवे लावतात आणि मग १५ उजेड, त्यांची १५ प्रतिबिंबं, आकाशातला चंद्र आणि पाण्यातला चंद्र असे ३२ मोजतात, तेहतिसावा आपल्या मनातला. बहुतेक वर्षी आपल्या कोजागरीच्या एक महिना आधीची ही पौर्णिमा, कधी कधी दोन्ही एकत्रही येतात. सासूबाईंना हे फार आवडलं.

संध्याकाळसाठी दक्षिण किनारा ठेवा आणि क्रम असा ठेवा : आधी चिंगत्सं मंदिर, मग समोरचा लेइफंग पॅगोडा, मग छांगछियाओ बाग. 'नानफिंगची सांजघंटा' हे दृश्य या मंदिराचं. आताची घंटा नवी आहे, पण मागच्या डोंगरातल्या पोकळ खडकामुळे आवाज लांबवर घुमतो म्हणतात. देऊळ संध्याकाळी बंद होतं म्हणून आधी. पॅगोडा मूळ दहाव्या शतकातला, त्याच्या विटा शुभ म्हणून लोक वर्षानुवर्षं एकेक काढून नेत राहिले आणि १९२४ साली तो कोसळलाच. मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं, भक्तीनेच पाडला तो. आताचा २००२ चा आहे, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत म्हणून काही लोक नाकं मुरडतात, पण ७४ वर्षांच्या सासूबाई वरपर्यंत पोचल्या त्या त्यामुळेच. तळाशी जुन्या विटांचा ढिगारा जपून ठेवलाय, तो बघितल्याशिवाय वर जाऊ नका. आणि सूर्यास्त मात्र पॅगोड्यावरून नाही, छांगछियाओ बागेतून बघायचा, म्हणजे पॅगोडा काळा आणि मागे सगळं केशरी असं दिसतं. अर्धा तास आधी जागा धरा.

तुटका पूल अजिबात तुटलेला नाही. बर्फ पडल्यावर उन्हाची बाजू आधी वितळते, सावलीतलं राहतं आणि लांबून पूल मधेच संपल्यासारखा दिसतो, असं एक कारण सांगतात. श्वेत नागीण आणि तिचा नवरा पहिल्यांदा इथेच भेटले अशी दंतकथा आहे, म्हणून जोडप्यांची तोबा गर्दी. आम्ही रात्री नऊनंतर गेलो तेव्हा कुठे चालता आलं. कमळं हवी असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये छुयुआन बागेत, उकाडा भयंकर असतो ते लक्षात ठेवून.

दहात नसलेलं पण आपल्या लोकांनी चुकवू नये असं म्हणजे लिंगयिन मंदिरासमोरची फेइलाय फंग, 'उडून आलेली टेकडी'. चौथ्या शतकात भारतातून आलेला एक भिक्षू तिला बघून म्हणाला, ही तर आमच्या गृध्रकूटासारखी, इथे कशी उडून आली? म्हणजे बिहारमधला राजगीरचा गृध्रकूट, बुद्धाने जिथे उपदेश केला तो डोंगर. खडकात शेकडो बुद्धमूर्ती कोरल्यात, मोठ्या पोटाचा हसरा मैत्रेय तर अर्धा तास बघत राहावा असा. याला अर्धा दिवस वेगळा द्या.

बाकीचं पटकन. शांघाय होंगछियाओहून फास्ट ट्रेनने तासाभरात हांगझोऊ ईस्ट, तिकिटाला आणि स्टेशनात शिरायला पासपोर्ट लागतो. तिथून मेट्रो लाईन १ ने लोंगशियांगछियाओ, बाहेर आलात की पाच-दहा मिनिटांत सरोवर. अलीपे या पैसे भरायच्या ॲपला कार्ड घरूनच जोडून ठेवा, गूगल मॅप्सवर विसंबू नका. हॉटेल बुक करण्याआधी परदेशी पासपोर्ट चालतो का ते विचारा, आमचं एक बुकिंग त्यामुळे ऐनवेळी बदलावं लागलं. शाकाहारी असाल तर 'वो छ सू' हे वाक्य चिनी अक्षरांत फोनवर ठेवा, तरी अंडं आणि मांसाचा रस्सा वेगळं सांगावं लागतं. कमळकंदाच्या पिठाची गरम खीर मिळते, औफन म्हणतात, आपल्या आरारूटच्या खिरीसारखी लागते, सासूबाईंनी दोन्ही दिवस तीच खाल्ली आणि येताना तीन डबे पुण्यासाठी घेतले.